विलासच्या पिक्चरमधला चोर

विलास गेल्याचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी पापड लाटत होते. ऐकलं, फोन ठेवला आणि उरलेले पापड लाटून संपवले. माझा सख्खा मामेभाऊ, जायचं वय नव्हतं, तरी डोळ्यांत पाणी आलं नाही. महिनाभर पेपरांतून त्याच्याबद्दल इतकं गोड छापून येतंय की माझं तोंड कडू झालंय. म्हणून लिहायला बसले.

विलास हुशार होता, नाही कशाला म्हणू? सुट्टीत आमच्याकडं मुरुमला यायचा आणि बघितलेला पिक्चर अंगणात सगळ्यांच्या आवाजात करून दाखवायचा. माझा धाकटा भाऊ दत्ता त्याच्यावर जीव टाकायचा. आमचे वडील गेले आणि दत्ता बिघडला. आठवडी बाजारात खिसे कापायचा, दोनदा पोलिसांनी धरून नेला. पण पुढं एका म्हाताऱ्या मुसलमान बाईच्या, सगळ्यांच्या खालाच्या, बांगड्यांच्या दुकानात बसला आणि तिनं त्याच्या बोटांना वळण लावलं. कसलाही राठ हात असो, दत्ता काच फुटू न देता बांगडी चढवायचा. “दत्तू, तूच भर रं,” म्हणून बायका थांबून राहायच्या. खालाच्या मागं दुकान त्यानंच सांभाळलं, आणि कुणाच्या पैशाला पुन्हा कधी बोट लावलं नाही.

मग पुण्यात पिक्चर काढायला लागलेला विलास आला. “दत्त्या, तुझ्यावर पिक्चर काढतो.” हा भोळा, चार दिवस बसून सगळं सांगत राहिला. ब्लेड कसं धरायचं, पळायचं कुठनं... मी मधे पडले तर विलास म्हणतो, “आक्का, नाव बदलतो की. तू कशाला घाबरतीस?”

नाव बदललं. पण शूटिंग केलं दत्ताच्याच दुकानात. आणि पिक्चरमधलं ते पोरगं एका हातानं बाईला बांगड्या भरतंय, दुसऱ्या हातानं तिची पर्स साफ करतंय! बांगड्या भरायला दोन्ही हात लागतात, एवढंही त्या शहाण्याला कळलं नाही. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला बक्षिसं मिळाली. इकडं बायका दत्ताकडनं बांगड्या कागदात बांधून घ्यायला लागल्या. “घरी भरते रं,” म्हणायच्या. हात काही पुढं करायच्या नाहीत. हळूहळू त्या बांधून न्यायलाही येईनात.

मी फोनवर विलासला झाडलं. तर म्हणतो, “आक्का, त्या एका सीनवर सगळा पिक्चर उभा हाय बघ.”

“आन् माझा भाऊ बसला, त्याचं काय? दत्तानं दुकानात बसून कुणाला लुबाडलं न्हाय, हे तू बाजारात येऊन तुझ्या तोंडानं सांग.”

“येतो की. पुढच्या बाजारला नक्की.”

दत्तानं त्याच्यासाठी शेजारून खुर्ची मागून आणली. तीन बाजार ती रिकामीच राहिली. मग विलास गेलाच. सुटला तो.

गेल्या आठवड्यात मुरुमला शोकसभा झाली. “हाच तो खरा हिरो!” म्हणून माइकवरून दत्ताला पुढं बोलावलं आणि फोटोला हार घालायला लावला. दत्ता हमसून रडला. मला त्या फोटोचा आणि रडणाऱ्या दत्ताचाही संताप आला. डोळे पुसत तो विलासच्या आईशेजारी, आमच्या मामीशेजारी येऊन बसला. याच मामीनं आई आजारी असताना त्याला मांडीवर घेऊन भरवलंय. तो टेकला, तशी मामीनं त्याच्या बाजूची पर्स उचलली आणि पदराखाली घेतली. तिचं तिलाही कळलं नसेल...

दत्ताला कळलं. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे, आणि सभा संपेपर्यंत हलवले नाहीत.