भागवतभाऊंचा उडता टप

आमच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नही. रेक्झिनचे तुकडे अन् किस्से! तुकडे मी संध्याकाळी पोत्यात भरतो. किस्स्यांचं तसं नही. एक झाडायला घ्यावा, तर येणारं गिऱ्हाईक अजून दोन सांडून जातं. जळगावात अजिंठा चौफुलीवर माझं सीटकव्हर अन् हूडचं दुकान. ट्रकच्या गाद्या शिवल्या, रिक्षांची हूडं शिवली, जीपच्या ताडपत्र्या शिवल्या. पण एका टपाने जेवढं हसवलं अन् जेवढं डोकं फिरवलं, तेवढं बठ्ठ्या ट्रकांनी मिळून नही, भो!

टप म्हणजे गाडीचं छप्पर. अन् गाडी आमच्या चोपड्याच्या भागवतभाऊंची. केळीवाले भागवतभाऊ. माणूस साधा. पायजमा, शर्ट, टोपी. अन् गाडी घेतली परदेशी स्पोर्टची! लालभडक. दोनच सीटा. आत बसताना आधी वाटतं जमिनीवर बसलो, मंग कळतं गाडीत बसलो. वरचा टप काढून डिकीत ठेवता येतो.

मी म्हटलं, "भाऊ, हवाच खायची होती तर मोटरसायकल काय वाईट होती?"

भाऊ म्हणे, "जगन, तू जळून राह्यला."

जळतच होतो!

*

भाऊ अन् वहिनी धुळ्याहून नात्यातलं एक लग्न लावून येत होते. टप बसवलेला, लॉक लावलेलं, एसी चालू. पारोळ्याच्या अलीकडे एकदम 'फाट्ट!' झालं अन् डोक्यावर आभाळ! आहेरात आलेला ब्लाऊजपीस उडाला, भाऊंची टोपी उडाली. भाऊंनी गाडी कडेला घेतली. आता वहिनी रडतात का ओरडतात, म्हणून पाहातात तर वहिनी शांत. त्यांनी केस सारखे केले, पदर घेतला अन् म्हणाल्या, "मी आधीच सांगत होते. कॅरियरवाली घ्या!"

हे सांगताना भाऊ बी हसतात. पण पुढचं सांगताना हसत नही. मागे मोटरसायकलवर एक दूधवाला होता. टप त्याच्या डोक्यावरून गेला. दूधवाला घाबरून रस्त्यातच बसला. कॅन आडवे, दूध सगळं डांबरावर. भाऊ पळत गेले, त्याचा हात धरून शेजारी बसले. तो एकच सांगत होता, "भाऊ, चप्पल निसटली म्हणून मी वाकेल होतो. वाकेल होतो म्हणून."

त्या दिवसापासून भाऊंनी जिद्द धरली. "कंपनीने एकदा तोंडाने म्हणायचं की टपात खोट आहे अन् ती आमची आहे. तोवर मी गप बसणार नही."

वहिनी म्हणाल्या, "अन् तोवर मी त्या गाडीत बसणार नही."

दोघंही शब्दाचे पक्के!

*

दुसऱ्या दिवशी मी अन् भाऊ टप शोधायला निघालो. कपाशीची वावरं तुडवत तुडवत एका विहिरीपाशी आलो. तर तिथे मोटरच्या स्टार्टरच्या पेटीवर आमचा टप! काळा, चकचकीत, मस्त बसलेला. शेजारी एक नाना बिडी ओढून राह्यले.

भाऊ म्हणाले, "नाना, हा आमच्या गाडीचा टप."

"मना वावरमा पडना, तो मना शे." म्हणजे माझ्या वावरात पडला, तो माझा!

"नाना, परदेशी माल आहे तो. लई महाग."

"आसू दे. मना स्टार्टर बी महागच शे."

मला राहावेना. मी म्हटलं, "नाना, आमच्या गाडीवरून तर उडाला. इथं नही उडत का?"

नानांनी बिडीनेच वर दाखवलं. "दोन दगड ठेयात ना वर! आते कोठे उडस? तुमनी कंपनीले सांगी द्या."

भाऊंनी फोटो काढला अन् टप तिथेच सोडून दिला. मला म्हणे, "राहू दे जगन. आयुष्यात पहिल्यांदा नीट बसलाय तो."

*

मंग शोरूम. तिथला मॅनेजर टाय लावून बसलेला. त्याने लॉक उघडून पाहिलं, बोट फिरवलं अन् म्हणे, "सर, लॉकमध्ये हळद आहे. तेल पण आहे. बाहेरचा पदार्थ गेल्यामुळे लॉक बसलं नाही. यात कंपनीची चूक नाही, कस्टमरची आहे."

भाऊंनी मोबाइल काढला. गाडी घेतली त्या दिवसाचा फोटो. याच शोरूममध्ये, याच मॅनेजरने हातात ताट घेतलेलं, गाडीच्या टपाला हळद-कुंकू लावून राह्यला. दात दिसतायत एवढा हसतोय!

मॅनेजरने फोटो पाहिला. बोटाने मोठा करून पाहिला. म्हणे, "सर, फोटो छान आलाय."

तिथे आमच्यासोबत वकील अक्का होत्या. जळगावातल्याच मेहरूणच्या. अक्कांनी तीच गाडी घेतलेली, पांढरी, नवीकोरी. नातेवाईक म्हणत, या वयात कशाला. अक्का म्हणत, "माझ्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या पुसल्या. मी माझी पुसते." त्यांचाही टप भुसावळ रोडला उडाला होता.

अक्का मॅनेजरला म्हणाल्या, "साहेब, आम्ही बौद्ध. आमच्याकडे गाडीला हळद लावत नाहीत, तेल घालत नाहीत, नारळ फोडत नाहीत. मग माझा टप कशाने उडाला?"

मॅनेजरने टाय सैल केला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अन् म्हणे, "मॅडम, मग... पूजा करून घ्यायला पाहिजे होती!"

*

मंग एक दिवस भाऊंच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज. इंग्रजीत. भाऊंनी माझ्यापुढे धरला. मला मराठी दुकानाच्या पाटीएवढं येतं, इंग्रजी कुठून येईल! अक्कांनी वाचून सांगितलं. कंपनी या गाड्या तपासायला परत बोलावून राह्यली. मेसेजमध्ये लिहिलं होतं, तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. खाली लिहिलं होतं, तपासणीसाठी गाडी पुण्याच्या वर्कशॉपला घेऊन या.

मी म्हटलं, "चालवायची नही अन् घेऊन यायची. मंग काय कडेवर?"

भाऊ म्हणे, "आपल्याकडे कडेपेक्षा मोठं आहे." त्यांनी केळीचा ट्रक काढला. खाली केळीची पानं अंथरली, गाडी चढवली, दोरांनी बांधली. मोकळ्या जागेत केळी भरली. रिकामा ट्रक पुण्याला न्यायचा म्हणजे भाऊंच्या जिवावर येतं! वर्कशॉपच्या गेटवर वॉचमन धावत आला अन् ओरडला, "ओ! केळी मागच्या गेटने!"

आत गेल्यावर तिथला साहेब म्हणे, "सर, नवीन टप अजून आलेला नाही."

"मंग बोलावलं कशाला?"

"रिकॉल आहे ना सर. बोलवावं लागतं."

"टप कधी येणार?"

"आला की कळवतो."

त्याने आत एक स्टिकर चिकटवला, टप उघडू नका म्हणून. टप नव्हताच! भाऊ ट्रकवर चढले, केळीचा एक हिरवागार घड उतरवून त्या साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेब खूश. "थँक यू सर! ही कधी खायची?"

भाऊ म्हणे, "पिकली की कळवतो."

*

मी बी एकदा कंपनीच्या नंबरवर फोन लावला. भाऊंना विचारलं नही. मला आपली खाज! गोड आवाजाची पोरगी.

"सर, टप आपल्याजवळ आहे का?"

"नही बाई. तो पारोळ्याकडे स्टार्टरवर आहे."

"गाडी आपल्याजवळ आहे का?"

"नही. ती चोपड्याला आहे."

"मग गाडीचे मालक आपल्याजवळ आहेत का?"

"ते केळीत आहेत."

पोरगी म्हणे, "सर, मग आपल्याजवळ काय आहे?"

मी म्हटलं, "वेळ!"

*

दोंडाईच्याचा एक जिनिंगवाला, म्हणजे कापसाच्या कारखान्याचा मालक, गाडी पाहायला आला. पैसेवाला, हौशी. भाऊंनी त्याला सगळं खरं सांगितलं. टप उडतो, कंपनी ऐकत नही. जिनिंगवाला म्हणे, "उडू द्या हो. मला तर बिनटपाचीच फिरवायची आहे. बोला, देता का?"

मला वाटलं झालं, सुटले भाऊ. वहिनी पण चहा घेऊन बाहेर आल्या, चांगल्या कपात!

भाऊंनी त्याला विचारलं, "अन् नवीन टप आल्यावर?"

"मग बसवेन ना."

"अन् तुमच्या मागे कोणी मोटरसायकलवर असला तर?"

जिनिंगवाला हसला. "भाऊ, मागचं कोण पाहातं?"

भाऊंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता अजून त्यात!

*

आता ही करामत माझी. मी म्हटलं, "भाऊ, कंपनी टप देत नही ना? मी देतो." दुकानात रिक्षाचं हूड तयार होतं. काळं रेक्झिन, पिवळी पट्टी, मागे प्लास्टिकची खिडकी. कापलं, बेतलं, पट्टे लावले अन् त्या लाल परदेशी गाडीवर चढवलं. पेंटरला बोलावून मागे लिहून घेतलं: 'हा टप जळगावचा आहे, उडत नही!'

भाऊंनी आख्ख्या गावात गाडी फिरवली. सिग्नलवर रिक्षावाले सलाम करून राह्यले. पोलिसाने थांबवलं, चारही बाजूंनी पाहिलं अन् म्हणे, "भाऊ, ही नक्की कशात बसते तेवढं सांगा, मग दंड करतो!"

पण खरी मजा स्टेशनजवळ झाली. एक म्हातारी हातात पिशव्या घेऊन रस्त्यात आली, हात केला. "मेहरूण येतो का रे?"

भाऊंनी दार उघडलं. "बसा आजी."

मेहरूणला सोडलं. म्हातारी कशीबशी बाहेर निघाली अन् भाऊंवरच चिडली. "सीट किती खाली आहे रे! जरा चांगली रिक्षा घे की!"

*

ही सगळी वरात कोणीतरी मोबाइलवर टिपली अन् तो व्हिडिओ फिरवला. पार कंपनीपर्यंत गेला! इतके दिवस मिळत नव्हता तो टप आठ दिवसांत आला अन् टपासोबत मोठा साहेब आला. रेल्वेने जळगावला उतरला, इथून पुढे धुळ्याला जाणार होता. कोट, पॉलिशचे बूट, हातात बॅग. माझ्याच दुकानात, भाऊ अन् अक्कांसमोर, त्याने माझं हूड काढायला लावलं अन् स्वतःच्या हाताने नवीन टप बसवला. लॉक लावलं, हलवून पाहिलं, वर दोन थापा मारल्या.

"एकदम ओके. जुना टपही ओकेच होता. तुम्ही लॉक नीट लावलं नव्हतं."

भाऊंचा चेहरा लाल झाला. अक्कांनी त्यांना हाताने थांबवलं अन् साहेबाला विचारलं, "म्हणजे टपात खोट नाही?"

"अजिबात नाही."

"लॉक आता तुम्हीच लावलं?"

"मीच लावलं."

"वेगात गेली तरी उडणार नाही?"

"कितीही वेगात जा, मॅडम!"

अक्का म्हणाल्या, "छान. साहेब, तुम्ही धुळ्याला जाणार ना? भाऊंची गाडी आहेच. सोडतील."

साहेब म्हणे, "नको, मी टॅक्सी पाहातो."

भाऊंनी दार उघडून धरलं. "टॅक्सी कशाला? बसा की, साहेब! ओके गाडी आहे."

साहेब बसला. बॅग मांडीवर घेतली. बेल्ट लावला, परत ओढून पाहिला. भाऊंनी गाडी चालू केली, खिडकीतून मला हात केला अन् साहेबाला म्हणाले, "गावात जरा हळू चालवतो. एरंडोल सोडलं की रस्ता मोकळा आहे. तिथून मंग दाबतो!"

साहेबाने वर पाहिलं. मंग एक हात टपाला लावला. थोड्या वेळाने दुसरा बी लावला.

भाऊ म्हणे, "हात काढा ना साहेब. ओके आहे."

तेवढ्यात चौफुलीवर धुळ्याची एसटी येऊन थांबली. खच्चून भरलेली. साहेबाने बेल्ट काढला, दार ढकललं अन् कोट, बॅग, पॉलिशचे बूट, सगळं घेऊन धावला! मी बी मागे धावलो. मला धुळ्याला काय काम? काहीच नही! पण हे सोडून दुकानात बसायला मी काय येडा आहे?

आम्ही दोघं दारातच लटकलो. मागे लाल गाडी निघाली, भाऊ एकटेच, टप लावलेला. साहेबाला त्या गाडीतून उतरून पळत येताना कंडक्टरने पाहिलं होतं. तिकीट फाडता फाडता त्याने काळजीने विचारलं,

"काय झालं साहेब? गाडी बिघडली का?"

साहेब एका हाताने दांडा धरून लटकत होता. कोट वाऱ्याने फडफडत होता. त्याने मागे लाल गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाला,

"नाही. गाडी एकदम ओके आहे!"