फुंकणी फिरती ठेव

सुमनमावशी बोलताना कधी माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही. हातातली फुंकणी फिरवत, टोकावरच्या लालबुंद काचेवर नजर ठेवूनच ती माझी चौकशी करायची. मूळची नागपूरची. तरुणपणी डिझाइन शिकायला नॉर्वेला गेली आणि तिथल्या एका जुन्या काचकारखान्यात काच फुंकायला शिकली. पुढे न्यू जर्सीत तिनं स्वतःची भट्टी घातली. काच फुंकायच्या लांब लोखंडी नळीला मात्र ती चुलीजवळचाच शब्द वापरायची.

मी तिथल्याच पार्सिपनी गावातला आयटीवाला. हौसेनं दिव्यांच्या शेड्सची डिझाइन्स करायचो. ती तिला ईमेल केली, तर म्हणाली, शनिवारी स्वतः ये. नॉर्वेतून तिनं हा नियमच आणला होता: ज्यानं चित्र काढलं त्यानं भट्टीपाशी उभं राहायचं. मी उभा राहिलो खरा, पण त्या धगीची मला कायम धास्ती वाटायची. तिला त्याचंच कौतुक. "घाबर रे, घाबरणाऱ्याचा हात भाजत नाही," म्हणायची. आणि लगेच, "फुंकणी फिरती ठेव. थांबली की काच लोंबलीच."

एका शनिवारी ती माझीच शेड घडवत होती. डावा हात फुंकणी फिरवत होता, उजव्या तळव्यात काचेला आकार द्यायला ओल्या वर्तमानपत्राची घडी होती. अचानक फुंकणी थांबली. मावशीच्या हातून फुंकणी थांबते, हेच मला समजेना. मी धावत जाऊन ती फिरवायला लागलो आणि वर पाहिलं, तर तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. तरी माझे हात फिरवतच राहिले. सवय तिनंच लावलेली.

"टाक ते," ती जड जिभेनं म्हणाली. "नाइन वन वन कर."

काच फरशीवर फुटली. अँब्युलन्स वेळेवर आली.

मावशी वाचली, पण डावा हात लुळा पडला. तरी ती भट्टीवर यायचीच. मी फुंकणी फिरवायचो, ती शेजारी स्टुलावर बसून उजव्या हातानं आकार द्यायची. मला सारखी भीती, पुन्हा झालं तर? नजर तिच्या तोंडावरून हलायची नाही. ती वैतागायची. "माझ्याकडे काय बघतोस? काचेकडे बघ. मी नाही लोंबत."

गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. भट्टी आता तिची मुलगी चालवते, मी अजून शनिवारी जातो. फुंकणी फिरवताना मध्येच नजर त्या स्टुलाकडे वळते, आणि तेवढ्यात काच लोंबते.