इंदूअक्का दारोदार फिरली म्हणून

मंडळी, आत्ताच आबांना सरकारी दवाखान्यातून घेऊन सोनगीरला पोचलो.

काल शेजारच्या इंदूअक्काची म्हैस लाळ गाळत ओरडत होती. घशात मक्याचं कणीस अडकलं असेल म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थेट तिच्या तोंडात हात घातला. कापूस वेचून ओरखडलेला हात! आणखी दोघांनीही घातला. सापडलं काहीच नाही.

आज सकाळी गुरांचे डॉक्टर म्हणाले, रेबीज वाटतोय. तेव्हा अक्काला आठवलं, मागे शेतात म्हशीला कोल्हा चावला होता. तिचा पोरगा म्हणाला, बोलू नको, आपलं दूध कोणी घेणार नाही. तरी ती दारोदार फिरली.

"आबा, आत्तेच दवाखानामा चाला. दूध इकायनं नही ते चाली, पन मानूस ऱ्हायना जोयजे." दूध विकलं नाही तरी चालेल, पण माणूस जगला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

आबांचा हात साबणानं खूप वेळ धुतला, इंजेक्शनं सुरू झाली. पुढचा एकही डोस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

आणि त्या म्हशीचं तोंड रोज पुसणारी अक्का? आबांना आणि त्या दोघांना आधी आत पाठवून ती शेवटी सुई घ्यायला बसली.

तिच्या जागी आपण असतो, तर दारं वाजवली असती का? खरं सांगा.