कापसाच्या गाड्यांमागे भरकटलो

मंडळी, आजच घडलेलं सांगतो. फर्दापूरच्या सराईतून लिहितोय, वाचनालयात सगळ्यांना वाचून दाखवा.

दगडूनाना आणि मी या वयात सायकलींवर लेणी बघायला निजामाच्या मोगलाईत आलोय, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नानाची सायकल नवी, माझी मुलाने वापरून टाकलेली. तिथूनच माझा जीव जळतोय.

लेणी बघून जळगावकडे परतताना दुपारी दोन वाटा फुटल्या. नाना म्हणाला, "आबा, दम धर, कोनले तरी इचारी लेऊत."

दरवेळी याचंच का ऐकायचं? मी चौथी शिकलेला, तो शाळेची पायरी न चढलेला. समोर कापसाच्या भरल्या गाड्या दिसल्या. आपल्याकडे भरली गाडी सरकी काढायला जळगावच्या जिनातच जाते, म्हणून मी एकटाच त्यांच्यामागे निघालो.

दोन कोसांनी विचारलं तेव्हा गाडीवाला हसला. "आबा, हा कापूस मोगलाईतल्याच जिनात चाललाय. जळगाव मागं राहिलं."

ऊन उतरलं होतं. इथे मला काही झालं तर घरी कळवणार कोण, या विचाराने सायकलवरून उतरून वाटेतच थांबलो.

तेवढ्यात नाना आला. माणसामाणसाला माझा पत्ता विचारत आला होता. वाटेत एका बाईने त्याला जेवू घातलं, वर माझ्यासाठी भाकरी बांधून दिली.

"आबा, जळगावले पाठ दीसन कोठे चालना?"

अंधारामुळे फर्दापूरच्या सराईतच मुक्काम टाकला, तिथे भाकरी मी खाल्ली. पण परक्या मुलखातही लोक नानालाच का जेवू घालतात?

तो ही हकिकत माझ्यापेक्षा रंगवून सांगेल, म्हणून आधी मीच लिहिली. खरं सांगा, ज्याने शोधून आणलं त्याच्यावरच तुम्ही कधी जळलात का?