उघडा खड्डा

"हात मागे घे. तुझा हात लागला तर सगळी विहीर पुन्हा उपसावी लागेल. आणि उपसणारा तर तो तिकडे पडलाय."

वकीलसाहेब हे बोलले तेव्हा त्यांची काठी माझ्या मनगटावर होती. मी पोहऱ्याला हात घातला होता. मागच्या ओसरीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. तिकडे पडलेला तो माणूस माझा बाप होता.

बा अजून श्वास घेत होता. काका आणि मी त्याला दोरानं मैल्याच्या खड्ड्यातून वर ओढलं होतं. ओठ काळेनिळे पडलेले. तोंडावर मारायला पाणी हवं होतं, तांब्याभर. विहीर समोरच होती.

ती विहीर त्याच आठवड्यात बानं साफ केली होती. वकीलसाहेबांचं घर कल्याणात नवंच होतं. आगगाडी आल्यापासून मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारी माणसं इकडे अशी घरं बांधत. परसात एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला संडासाचा खड्डा. दोन्ही कामांचा मक्ता एकाच मक्तेदाराकडे, आणि मक्तेदार दोन्ही कामांना आमच्याच वस्तीतली माणसं लावी. विहिरीचा गाळ काढताना बा कमरेएवढ्या चिखलात उभा राही आणि मी वर पाट्या ओढून घेई. झरा मोकळा झाला, स्वच्छ पाणी घोट्यापर्यंत चढलं, की मक्तेदार वरून ओरडे, "चला, निघा आता." तोवर आमच्या पायांनी विहीर बाटत नसे. त्यानंतर बाटे. आम्ही निघालो की भटजी येऊन गोमूत्र शिंपडीत, गंगेच्या पाण्याची कुपी ओतीत, आणि घरातल्या बायका विहिरीला हळदकुंकू वाहत. मी हे लहानपणापासून पाहत होते. मिशनच्या शाळेत वाचायला शिकले, पुष्कळ वाचलं, पण या रिवाजाचा अर्थ मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

खड्ड्याचा रिवाज वेगळा. तो आमचा होता. झाकण आदल्या दिवशी काढायचं, रात्रभर खड्डा उघडा ठेवायचा. सकाळी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर नाही. आमच्या वस्तीत लहान पोरांनाही हे ठाऊक असतं.

पण दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे मुंज होती. पाहुणे खड्डा उपसायच्या आदल्या रात्रीच येऊन उतरले होते. पाहुण्यांना वास नको, म्हणून रात्री झाकण काढू दिलं नाही. सकाळी काढलं आणि लगेच म्हणाले, उतरा.

बानं दिवा सोडला. तो अर्ध्यावरच विझला. बानं दोरी वर ओढली आणि विझलेला दिवा मक्तेदाराला दाखवला.

"साहेब, आज नाय. उद्याला उतरतो."

"उद्या मुंज आहे रे, राघ्या. उद्या तुला काय पंगतीत बसवू?"

ओसरीवरून वकीलसाहेब म्हणाले, "वाऱ्यानं विझला असेल."

खड्ड्यात वारा नसतो. हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. बापाचं नाव राघू होतं. त्या घरात कुणी ते सरळ घेतलं नाही.

मक्तेदार म्हणाला, "तू नाही उतरलास तर तुझ्या वस्तीला या गावात पुन्हा काम मिळायचं नाही. विचार कर."

बानं विचार केला नाही. आमच्या घरात विचार करण्याइतकं धान्य नव्हतं. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बाय, तू वरच र्‍हा. दोर धर." आणि उतरला. थोड्याच वेळात दोर जड झाला.

काठी मनगटावरून हलेना, तेव्हा मी पोहरा सोडला आणि पळाले. गावाबाहेर, खाडीच्या अंगाला आमच्या वस्तीचं डबकं आहे. तिथून घागर भरून आणली. येईपर्यंत बा गेला होता. काका त्याच्या उशाशी बसला होता. मी ते पाणी तरीही त्याच्या तोंडावर ओतलं. मैला धुऊन निघाला, आणि मला माझ्या बापाचा चेहरा दिसला.

मक्तेदार जवळ आला. मला वाटलं, काही बोलेल. तो काकाला म्हणाला, "काम राहिलंय. तू उतर. याला मग घेऊन जा."

काका उठला. खरंच उठला. कमरेचं फडकं आवळू लागला. त्याच्या घरी लहान पोरं होती. बाचा दोर अजून ओला होता, आणि काकाचा हात त्या दोराकडे गेला.

मी दोरावर पाय ठेवला.

"काका, तू उतरायचं नाहीस."

"बाय, बाजूला हो."

"नाही."

मक्तेदार हसला. "चार बुकं वाचली नि जीभ फुटली का गं तुला?"

मी त्याच्याशी बोललेच नाही. वकीलसाहेबांकडे बघितलं. त्यांच्या घरात मान वर करून बघण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"ज्या घराच्या विहिरीतून मरणाऱ्याला तांब्याभर पाणी मिळत नाही, त्या घराची घाण आम्ही काढणार नाही. तुमची आहे. तुम्ही उतरा."

कुणी हसलं नाही. काकानं फडकं सोडलं. आम्ही दोघांनी बाला उचललं आणि निघालो. खड्डा मागे उघडाच राहिला.

त्या रात्री काकानं एवढंच विचारलं, "मग खायाचं काय, बाय?"

पुढचं मला दोन दिवसांनी कळलं. मुंजीच्या दिवशी पहाटे मक्तेदारानं जवळच्या मोहन्याहून माणसं आणली. आमच्यासारखीच माणसं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ती उतरली, काम करून जिवंत वर आली, कारण खड्डा रात्रभर उघडा राहिला होता. बाला हवी होती ती एवढी एकच रात्र.

तेव्हा मला समजलं, मी त्या परसात नाही म्हटलं ते पुरेसं नव्हतं. एका वस्तीनं नकार दिला की मक्तेदार दुसऱ्या वस्तीत जातो. त्याचं सगळं बळ एवढ्यावरच उभं आहे की कल्याणला काय झालं ते मोहन्याला कळत नाही, आणि मोहन्याचं ठाकुर्लीला.

मी थकले आहे. बाचं सुतक आहे, आणि घरात चूल धड पेटत नाही. पण उद्यापासून मी चालणार आहे. आधी मोहन्याला, मग ठाकुर्लीला, मग खाडीकाठच्या प्रत्येक वस्तीत. माझा बाप कसा मेला ते नाव घेऊन सांगणार आहे. मक्तेदार जिथे माणसं मागायला जाईल, तिथे मी त्याच्या आधी पोचलेली असेन.