कमरेखालचा तडाखा

कापूस वेचताना कंबर दुखली म्हणून आमच्या मारेगावकडे कोणी दवाखान्यात जात नाही. पोटाला ओटी बांधायची, वाकायचं, बोंडातला कापूस ओढून तिच्यात कोंबायचा. ओटी जड होते आणि कंबर बोलायला लागते. सगळ्यांचीच बोलते. माझी पाठ दिवाळीपासून दुखत होती, संध्याकाळी कणकण यायची, अंगावरचे ब्लाउज ढिले झाले होते. तरी मी धरून घरातले सगळे एकच म्हणत होते, वेचणी झाली की दुखायची राहील. वेचणी झाली. पाठ काही दुखायची राहिली नाही, वरून पायांत गोळे भरल्यासारखं जड वाटू लागलं. एका सकाळी बाजेवरून उतरायला गेले आणि धाडकन खाली पडले. पाय हलेचनात.

थोरल्या जाऊबाई धावत आल्या. "लकवा मारला वं हिले!" म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

लकवा म्हटलं की पुढचं ठरलेलंच असतं. खिडक्या लावल्या, वारा नको म्हणून. तेल गरम झालं, मालिशवाला आला. त्यानं पाठीवर गुडघा रोवला तेव्हा मी अशी शिवी हासडली की तो वाटी टाकून निघून गेला. जाऊबाई म्हणाल्या, "जीभ तं शाबूत हाये!" ती शाबूत होती याचीच मला धास्ती वाटत होती. आमच्या गल्लीत लकव्यानं पडलेले एक काका होते, त्यांना बिचाऱ्यांना काही कळत नव्हतं. मला सगळं कळणार होतं. जन्मभर बाजेवर पडून, दुसऱ्यांनी उचलेपर्यंत वाट बघत बसायचं, या विचारानंच मला रडू फुटायचं.

शेवटी आमचे हे कोणाचं न ऐकता मला गाडीत घालून यवतमाळला घेऊन गेले. तिथली डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. तपासण्या झाल्या, फोटो निघाले. ती यांच्याशी बोलताना 'पॅराप्लेजिया' म्हणाली आणि यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय असते ते? मले सांगा, पाय माहे हायेत," मी तिच्यावर खेकसले.

ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "ताई, शब्द ग्रीक आहे. पॅरा म्हणजे बाजूला, प्लेजी म्हणजे तडाखा. फार जुन्या काळी अंगाची एक बाजू लुळी पडली तरी हाच शब्द वापरायचे. पुढे त्या आजाराला वेगळं नाव मिळालं आणि हे नाव कमरेखालच्या दोन्ही पायांसाठी राहिलं."

"पण मले कोणी कुठं मारलं?"

"तेच सांगते. काय बंद पडलं, एवढंच या शब्दात आहे. कशानं बंद पडलं, ते त्यात नाही. ते आम्हाला शोधावं लागतं, आणि तुमचं सापडलंय. मणक्यात टीबी आहे. तिथला पू पायांकडे जाणाऱ्या नसांना दाबतोय. गोळ्या आहेत त्यावर. बरेच महिने घ्याव्या लागतील, पण पुष्कळ जण पुन्हा चालतात. आणि पाठीला मालिश अजिबात नको."

अरे देवा! एवढे दिवस मी लकवा या नावालाच आजार समजून बसले होते. पुष्कळ जण चालतात म्हणाली, सगळे नाही म्हणाली, हे मी ऐकलं होतं. तरी त्या रात्री मला झोप लागली.

घरी आल्यावर गोळ्या सुरू झाल्या, आणि पाय मात्र दगडासारखेच, चिमटा काढला तरी कळायचं नाही. मी चिडायची, भांडं आपटायची, डॉक्टरणीच्या नावानं बोटं मोडायची. हे रोज माझे पाय धुवून पुसून द्यायचे, एक शब्द उलटून बोलायचे नाहीत. त्याचाही मला राग यायचा.

एका सकाळी यांनी घाईत चुलीवरचं कढत पाणी विसण न घालताच पायांवर ओतलं.

"अवो, डोळे फुटले का? जाळता का मले!"

हे दचकून मागे झाले. "कुठं भाजलं?"

"पायाले! अजून कुठं?"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. यांच्या हातातला तांब्या खाली पडला. हे तिथंच ओल्यात बसले, माझं पाऊल दोन्ही हातांत धरून हुंदके देऊ लागले, आणि मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. आरडाओरडा ऐकून जाऊबाई दारात आल्या, घाबरून विचारायला लागल्या, "काय झालं, काय झालं?"

घरात पोर जन्मल्याचं सांगावं तसं हे ओरडले, "वहिनी, हिचा पाय भाजला!"