नदीला भरती नसते

पोस्ट अरुणाचलात होती, नऊ हजार फुटांवर. माणसं सात. मी लान्स नायक सुहास परब, लालबागचा. दुसरा मुंबईकर शिपाई मिलिंद कांबळे, नायगावच्या बीडीडी चाळीतला. बाकी पाच हरियाणा-राजस्थानचे, आणि त्यांच्यातले हवालदार धरमपाल आमचे पोस्ट कमांडर. मे महिना संपत आला होता. सहा दिवसांनी दुसरी तुकडी आमच्या जागी येणार होती.

आता मी परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. रविवारी शिवाजी पार्कला चालायला जातो. तिथले रिटायर्ड काका लोक विचारतात, "काय परब, गोळीबार बघितलात की नाही?" बघितला. पण मला झोपेतून उठवतो तो गोळीबार नाही, मासा. ते हसतात, त्यांना वाटतं मी फिरकी घेतोय. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

पोस्टवर दिवस सारखेच. ०५०० ला उठायचं, ०६०० ला गस्तीला, १८०० ला रेडिओवर खाली कंपनीला रिपोर्ट. स्वयंपाक पाळीपाळीने. माझी पाळी आली की मी फुशारक्या मारायचो. आमच्या लालबागच्या बाजारात कसा पापलेट मिळतो, आई कल्ले उघडून कशी कोळणीची परीक्षा घेते, मालवणात आजोबांच्या गावी रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर कसं ओढतात. मासे म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं मी सगळ्यांना ऐकवलं होतं. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एक मासा पकडलेला नव्हता. मेलेला मासा मला लांबून ओळखता यायचा, एवढंच.

कांबळ्या म्हणायचा, "आमच्या मामाच्या गावाला ये. कोयनेचा मासा खा, मग बोल."

"गोड्या पाण्यातला? ह्या! चिखल खाल्लेला बरा."

"तू खाल्लायस का कधी?"

"खायला कशाला पाहिजे, वास पुरतो."

तीन महिने हे असं चाललं. तो हसायचा, मनाला लावून घ्यायचा नाही. मी मात्र सोडायचो नाही, तोंडाला खाज.

सलग चार दिवस पाऊस झाला. पाचव्या दिवशी १६४० ला वरचा डोंगर सुटला. आवाज मोठा नव्हता, ट्रकमधून खडी ओतावी तसा. कुकहाऊसची मागची भिंत आत आली. कांबळे बाहेर होता, सुरक्षित होता. तो आत पळाला, राशनसाठी. तांदळाची अर्धी गोण त्याने दारातून बाहेर फेकली आणि त्याच वेळी छताचा वासा खाली आला. आम्ही त्याला ओढून काढलं तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली उघडा पडला होता, हाड दिसत होतं.

खालच्या वाटेवरचा झुलता पूल वाहून गेला. मागची वाट दरडीखाली. बाकी सगळं राशन चिखलात गेलं. उरला भिजलेला तांदूळ, मीठ, थोडी साखर, चहापत्ती.

१८०० ला हवालदार साहेबांनी रेडिओ घेतला.

"एक कॅज्युअल्टी. पैर की हड्डी बाहर है. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"मौसम खराब है. खुलते ही आएगा. डॉक्टर बात करेंगे. ओव्हर."

डॉक्टरांनी पट्टी कशी बांधायची, गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं. गोळ्या तीन दिवसांच्या होत्या. शेवटी म्हणाले, "खिलाते रहो. सिर्फ चावल नहीं, ताकत की चीज़ दो. उसकी बॉडी को लड़ना है."

ताकतीची चीज आणायची कुठून? खाली दोनशे फुटांवर नदी होती. कोणीतरी म्हणालं, ग्रेनेड टाकू. साहेबांनी वर हललेल्या डोंगराकडे बोट केलं. "धमाका हुआ तो बाकी भी आ जाएगा." मग माझ्याकडे वळले. "परब. तू मछलीवाला है ना?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. नाही साहब, मी फक्त विकत घेतो. एका वाक्याचं काम होतं. सहा जण माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यातला एक कांबळ्या होता, वेदनेने पांढरा पडलेला. मी म्हणालो, "येस साहब. हो जाएगा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

विमानातून टाकलेल्या राशनच्या पॅराशूटच्या दोरीतला एक धागा सोडवून घेतला. बँडेजच्या डब्यातली सेफ्टी पिन वाकवून गळ केला. बांबूची काठी, वजनाला एक नट, आमिषाला शिजलेला भात. दरडीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यावर गेलो आणि माझ्या लक्षात आलं की दुपारी तीनच्या सुमारास नदी चढते. सकाळी कोरडे असलेले दगड संध्याकाळी पाण्याखाली जायचे. मी मनात म्हटलं, आली की भरती! मालवणचा माणूस आहे, भरती-सुकती मला कळते. आजोबा सांगायचे, भरतीबरोबर मासो काठाक येता, उधाणाक तर आपणहून येता.

तर मी भरतीची वेळ धरली. तिसरा दिवस, १५०० ते १८००. पाणी गढूळ, बर्फासारखं गार, पाय बधिर. एकही नाही. चौथा दिवस, तीच वेळ, तेच पाणी. काहीच नाही. साहेबांनी विचारलं, "क्या बात है?" मी ऐटीत सांगितलं, "साहब, परसों अमावस है. बड़ा पानी आएगा, तब मछली ऊपर आती है." हरियाणाच्या माणसाला समुद्र काय माहीत! त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला त्या माणसाने. सकाळी मला त्यांनी दरड खणायला लावलं, कारण माझी वेळ दुपारची होती. म्हणजे मीच ठरवलेली.

या सगळ्या दिवसांत मी कांबळ्याला एकदाही विचारलं नाही. तो शुद्धीवर असायचा, सकाळी तर चांगला बोलायचा. तंबूत गेलो की तो विचारायचा, "काय मिळालं का रे?" मी म्हणायचो, "उद्या." आणि निघायचो. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या कोयनेच्या काठावर काढलेला माणूस दहा पावलांवर पडलेला होता. पण ज्याच्या नदीला तीन महिने नावं ठेवली, त्याच्यापुढे जाऊन शिकव म्हणायचं? जीभ वळेना. दुसरं काही कारण नव्हतं. लाज वाटली, बस.

गोळ्या संपल्या. पायाला वास यायला लागला. ताप चढला. भाताची पेज तो दोन घोट घ्यायचा आणि तोंड फिरवायचा.

सहावा दिवस, अमावस्या. मी १४३० लाच पाण्यात उतरलो, मांडीपर्यंत. नदी चढली. दीड तासात कमरेला आली आणि पाय सुटले. वीस-पंचवीस फूट खाली एका खडकाला अडकलो म्हणून वाचलो. काठी गेली, गळ गेला. काठावर बसून मी रडलो. हो, रडलो, त्यात लपवायचं काय. वर साहेब उभे होते.  एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१८३० ला ओल्या कपड्यांनीच तंबूत गेलो आणि कांबळ्याच्या उशाशी बसलो. त्याने डोळे उघडले.

"किती?"

"एक पण नाय." मग सगळंच बाहेर आलं. "मिल्या, मला मासे पकडता येत नाहीत रे. कधीच येत नव्हते. मी भरतीला जात होतो. आज अमावस्या, म्हटलं उधाण येईल..."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. तो हसत होता. पाय दुखतोय म्हणून कण्हत होता आणि हसत होता.

"अरे येड्या, नदीला भरती नसते! दुपारी वरचा बर्फ वितळतो, म्हणून पाणी चढतं. गढूळ पाण्यात मासा खातो होय? तो दगडाखाली दडतो."

"मग?"

"पहाटे जा. पाणी उतरलेलं असतं, साफ असतं. मधे नको टाकू, ओढीत मासा थांबत नाही. मोठ्या दगडाच्या मागं पाणी गप असतं बघ, तिथं. भात नको. ओले दगड उलथ, गांडूळ मिळेल. आणि उभा राहू नको, बस. तुझी सावली बघितली की पळतो तो."

एवढं बोलून तो दमला. थोड्या वेळाने म्हणाला, "इतके दिवस विचारलं का नाहीस, परब्या?"

मी त्याचं पांघरूण सारखं केलं. त्याने परत विचारलं नाही.

सातवा दिवस. ०४४० ला खाली गेलो. नदी ओळखू येत नव्हती, तळाचे गोटे दिसत होते. दुसरी पिन वाकवली. गांडुळं तीन मिळाली. ज्या खडकाने आदल्या दिवशी मला अडवलं त्याच्याच मागे पाणी गप होतं. उकिडवा बसलो. ०५१५ ला धाग्याला दोन हिसके बसले. मी इतक्या जोरात ओढलं की पिन तोंडातून सुटली आणि मासा काठावर दगडांत जाऊन पडला. मी त्याच्यावर अंगच टाकलं. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, बारीक खवले, पोट चांदीचं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. सव्वासहापर्यंत अजून दोन मिळाले.

दीड तासात तीन मासे. हिशेब कोणीही करावा, मी अजून करतोच आहे.

मासे साफ करता येत होते, ते आईने शिकवलं होतं. मीठ घालून पातळ कढण केलं, काटे बोटांनी एकेक काढले. साहेब जन्माचे शाकाहारी. त्यांनी कांबळ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग स्वतःच्या हाताने पाजलं. त्याने दोन वाट्या घेतल्या. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याने अजून मागितलं.

"चिखलाचा वास येतोय का रे?" त्याने मला विचारलं.

मी त्याच्याच वाटीतलं चाखलं. "नाय रे. गोड लागतोय."

"मग! मामाच्या गावाला येणार ना?"

"येणार."

संध्याकाळी परत दोन वाट्या. रात्री ताप कमी झाल्यासारखा वाटला. पहाटे पुन्हा चढला. मी ०५०० ला नदीवर होतो, दोन मासे घेऊन ०६३० ला वर आलो. तोपर्यंत तो ओळखत नव्हता. ०७४० ला शिपाई मिलिंद कांबळे गेला. आठवा दिवस होता. ढग १०५० ला फाटले. हेलिकॉप्टर १११५ ला आलं.

डॉक्टर नंतर मला म्हणाले, जखमेचं विष रक्तात गेलं होतं, खाण्याने वाचलाच असता असं नाही. त्यांच्या बोलण्यातलं "असं नाही" मी लाख वेळा उलटसुलट करून बघितलं आहे. चार दिवस आधीपासून खाल्लं असतं तर तीन-साडेतीन तास जास्त निघाले असते की नाही? मला कोणी सांगू शकत नाही.

त्याच्या आईकडे मीच गेलो. नायगावच्या चाळीत, दुसरा मजला. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळा, उपाशी तर नव्हता ना गेला?"

"नाही मावशी. जेवून गेला. मासा खाल्ला, पोटभर."

"कुणी आणला मासा?"

"मी पकडला. शिकवलं त्याने."

हे खरं होतं. पण अर्धंच. दरवर्षी त्या दिवशी मी नायगावला जातो. मावशी दादरच्या बाजारातून रोहू आणतात, कारण पोराला गोड्या पाण्यातला आवडायचा. मीही तोच खातो. घरी बायको म्हणते, मालवणी माणूस आणि रोहू? मी म्हणतो, वर्षातून एक दिवस.

या वर्षी चाळ खाली झाली. मावशींना नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर मिळालं. कोऱ्या भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्याशेजारी वर्दीतला मिलिंद. ताट वाढलेलं होतं. मी हातातला घास परत ताटात ठेवला. मी सगळं सांगितलं. फुशारकी, भरती, अमावस्या, वाया गेलेले चार दिवस, न विचारलेला एक प्रश्न.

मावशी फोटोकडे बघत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, ऊठ आणि चालता हो. मी त्याला तयार होतो.

"तो हसला म्हणालास ना?" त्यांनी विचारलं. "तू भरतीचं सांगितलंस तेव्हा?"

"हो. पोट धरून."

"तसाच होता तो." त्यांनी पदराने डोळे पुसले. "विचारायचं होतंस रे त्याला. कुणाला नाही म्हणाला नसता."

"हो मावशी."

मग त्यांनी कालवणातला मोठा तुकडा माझ्या ताटात घातला.

"सावकाश खा," त्या म्हणाल्या. "रोहूला काटे फार असतात."